कोयत्याची मूठ

"बुडापासनं घ्या की! वर किती सोडताय?"

गळीत हंगामात हातकणंगले तालुक्यातल्या कुठल्याही बांधावर उभं राहावं, हे वाक्य कानावर पडतंच. बांधावरचा शेतकरी ओरडतो, फडातला तोडकरी मान हलवतो, चार-सहा ऊस जमिनीसरशी तोडतो आणि शेतकऱ्याची पाठ वळली की कोयता पुन्हा चार बोटं वर चढतो. माझ्या वडिलांनी हे वाक्य जन्मभर म्हटलं. त्यांच्यामागं शेत माझ्याकडं आलं, तेव्हा मीही म्हणू लागलो. तोडकरी अंगचोर असतात, असं आमच्याकडं बहुतेक जण धरूनच चालतात. मीही तसंच धरलं होतं.

गेल्या हंगामात, जानेवारीतल्या एका सकाळी, आळत्याच्या शिवारात बीडकडची टोळी तोडत होती. मी सवयीनं ओरडलो. जवळच तोडत असलेल्या एका मावशींनी कंबर सरळ केली, कोयता उलटा धरून मूठ माझ्यासमोर केली आणि म्हणाल्या, "मालक, एवढी एक सरी तुम्ही घ्या बुडापासून. आम्ही बघतो, कसं घ्यायचं ते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून नाही म्हणता आलं नाही. डाव्या हातात ऊस धरला आणि वाकलो. पातं मातीला टेकवायचं तर उजवी मूठ जमिनीपासून वीतभर उंचीवर आणावी लागते. त्यासाठी पाठ जवळजवळ आडवी होते, मान वर काढावी लागते, आणि पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, कड गालाला कापत जाते. चार बोटं वरून तोडलं की पाठीला तेवढीच उसंत मिळते. दहाव्या-बाराव्या उसाला माझाही कोयता वर चढला. सरी काही पुरी झाली नाही. मावशींनी कोयता परत घेतला आणि कामाला लागल्या.

त्या कोयत्याची मूठ बाभळीच्या लाकडाची होती, घामानं काळी पडलेली, वर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली. माझा पंजा तिच्यावर पुरा बसला आणि मागं जेमतेम बोटभर लाकूड उरलं. पातं पुढं रुंद होऊन टोकाशी आत वळलेलं, धार दगडावर घासून घासून मधोमध खोलगट झालेली. माझ्या हाताला ती मूठ ठीक होती, कारण माझा पंजा मोठा आहे. मावशींची बोटं तिच्याभोवती पुरी मिटत नव्हती. चिंधी होती ती मऊपणासाठी नव्हे, मूठ हातातून फिरू नये म्हणून.

त्या दिवसापासून मला त्या चार बोटांचं कोडं पडलं. जमीन आणि कोयता यांच्यातलं ते अंतर कुणाच्या आळसामुळं पडत नाही. मुठीच्या मापामुळं पडतं. आणि त्या मापावर माणसाची पाठच नाही, तर शेत, खोडवा, पाचट आणि हवासुद्धा अवलंबून आहे. वस्तूची रचना शरीराला सोसेल अशी हवी, हा एक विचार. ती निसर्गाला सोसेल अशी हवी, हा दुसरा. कॉलेजांमधून हे दोन विषय दोन तासांना शिकवतात. उसाच्या फडात ते वेगळे काढताच येत नाहीत.

शेतकरी बुडापासून तोडा म्हणतो, त्याला सबळ कारण आहे. उसाच्या शेंड्यापेक्षा बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. ती कांडी शेतात राहिली तर शेतकऱ्याचं वजन गेलं आणि कारखान्याचा उतारा गेला. त्याहून मोठं नुकसान खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं. जमिनीत दबलेल्या डोळ्यांतून येणारा फुटवा जोमदार असतो, त्याला स्वतःची मुळं फुटतात. वर राहिलेल्या बुडख्यावरच्या डोळ्यांतून येणारा फुटवा हलका आणि वाऱ्याला लोळणारा. म्हणून कृषी विद्यापीठं आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं सांगत आलीत की, तोड झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. ही छाटणी कोण करतं? गावातल्या बाया, रोजंदारीवर, पुन्हा कोयत्यानंच, पुन्हा वाकून. म्हणजे जी पाठ तोडताना वाचली, तिच्या वाटचं वाकणं दुसऱ्या पाठीवर गेलं. खर्च शेतकऱ्याचा वाढला तो वेगळाच.

आता पाठीकडं वळू. आल्फ नाखेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदानं १९६०-७०च्या दशकांत जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला. सरळ उभ्या माणसाच्या कमरेच्या चकतीतला दाब १०० धरला, तर नुसतं पुढं वाकल्यावर तो १५० होतो आणि वाकून हातात वजन घेतलं की २२०पर्यंत जातो. फडातला हिशेब यावरून मांडता येतो. नवरा-बायको मिळून दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडतात. एका उसाचं वजन सव्वा किलो धरलं, तर दोन टनांचे सोळाशे ऊस होतात. प्रत्येक ऊस धरायचा, तोडायचा, पाला काढायचा, शेंडा उडवायचा, रचायचा. मग मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचं. पहाटे चारला सुरू झालेला हा दिवस गाडी भरेपर्यंत संपत नाही.

या धंद्यातला एक शब्द मला नेहमी थांबवतो. तोडणीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, टोळी मोजतात ती कोयत्यांत. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. माणसांना हत्याराचं नाव मिळालं आणि हत्यार मात्र माणसाच्या मापाचं झालं नाही. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागं गरिबी आहे, खाडा परवडत नाही ही भीती आहे, फसवणुकीचे दवाखाने आहेत. ते सगळं कोयत्याच्या मुठीवर ढकलणं बरोबर नाही. पण रोज शेकडो वेळा वाकणारं आणि मोळ्या वाहणारं शरीर त्या कहाणीच्या बाहेर ठेवता येत नाही.

कामाचा आणि शरीराचा मेळ घालण्याच्या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द १८५७ मध्ये वोइचेख यास्त्शेंबोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञानं ग्रीक शब्दांवरून घडवला. आपल्याकडं तो शब्द ऑफिसातल्या खुर्च्यांच्या जाहिरातीत अडकून पडलाय, पण शेतीतही त्यावर चांगलं काम झालंय. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतल्या एल. पी. गीते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या शेतमजुरांच्या, स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या, शरीराची ७९ मापं आणि ताकदीची १६ मापं घेऊन २००९ मध्ये ती ग्रंथरूपानं दिली. पंजा केवढा, मुठीत मावतं किती, कोपर जमिनीपासून किती उंच, सगळं त्यात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं भातकापणीसाठी काढलेला वैभव विळा कोकणात घरोघरी पोचला. त्याच्या पात्याला बारीक दाते असतात, त्यामुळं झटका मारावा लागत नाही आणि धार लावत बसावं लागत नाही. भाताला विळा मिळाला. उसाचा कोयता मात्र माझ्या आजोबांच्या वेळचा आणि आजचा शेजारी ठेवला तर जुना कुठला आणि नवा कुठला, ते ओळखू येणार नाही.

मुठीच्या लांबीवरून जगात कायदासुद्धा झालाय. कॅलिफोर्नियात भाजीच्या मळ्यांत मजुरांना आखूड दांड्याचं कुदळं देत. दांडा दोन फुटांहूनही आखूड. मेक्सिकन मजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडलं, म्हणत. मळेवाल्यांचं म्हणणं असं की लांब दांड्यानं काम नेमकं होत नाही, रोप दुखावतं. डॉक्टरांनी साक्षी दिल्या की या हत्यारानं तरुण माणसांचे मणके म्हाताऱ्यासारखे होतात. १९७५ मध्ये त्या राज्यानं आखूड कुदळ्यावर बंदी घातली. मळे बुडाले नाहीत. लांब दांड्यानंही कोबी आणि लेट्यूस नीट निघालं.

मला आमच्या फडाचं उत्तर तिथं मिळाल्यासारखं वाटलं. मूठ लांब करावी, पातं जरा वाकडं बसवावं, झालं. नंतर समजलं की हे कोडं एवढं सरळ नाही, आणि ते का नाही हे समजायला आधी पाचट समजून घ्यावं लागतं.

आमच्याकडं अजून पुष्कळ ठिकाणी तोड झाली की संध्याकाळी फड पेटतात. हातकणंगल्याच्या रेल्वे स्टेशनावर उभं राहिलं तर हंगामात क्षितिजावर दोन-तीन तरी धुराचे खांब दिसतात. एकरी तीन-चार टन वाळलं पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र आहे, टक्काभर पालाश आहे, आणि जमिनीचा जीव ज्यावर चालतो तो सेंद्रिय कर्ब २८ ते ३० टक्के आहे. टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू घालून ते सरीत दाबलं, तर पुढच्या पिकाला खत मिळतं, तण दबतं, पाण्याच्या पाळ्या वाचतात. पंचगंगा आणि वारणेच्या काठची आमची रानं पाण्यानं आणि रासायनिक खतानं दमलेली आहेत. त्यांना याहून चांगलं अन्न दुसरं नाही. पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, याच पाचटापासून चुलीचा कोळसा करायची रीत बसवली आणि तिला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचट ही टाकाऊ वस्तू नाही, हे आता वादाच्या पलीकडं आहे.

तरीही ते जळतं, आणि अलीकडं तोडीच्या आधीच उभा ऊस पेटवण्याचं प्रमाण वाढलंय. मजूर कमी, हंगाम पुढं सरकतो, पाणी तुटतं, तोड मिळत नाही. अशा वेळी ऊस पेटवला की टोळी लवकर येते, कारण जळक्या उसाचा पाला काढावा लागत नाही. कूस लागत नाही, गाल-हात कापत नाहीत, पायाखाली काय आहे ते दिसतं. कारखाना जळक्या उसाला कपात लावतो, ऊस दोन दिवसांत गाळला नाही तर साखर मोडते, वजन घटतं. शेतकरी हे सगळं सोसतो. सोसत नाही ती जमीन.

पेटवण्यामागं शरीराला होणारा त्रास असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं फार पूर्वी दाखवलं. १९३०च्या दशकात तिथल्या तोडकऱ्यांत उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग आला. आपण त्याला आज लेप्टो म्हणतो, तिकडं वाइल्सचा रोग म्हणत. तोडकऱ्यांची मागणी एकच होती: तोडीआधी फड पेटवा, म्हणजे उंदीर मरतील. १९३५ मध्ये त्यासाठी मोठा संप झाला. तिथं ऊस जाळण्याची चाल रुजली ती माणसं वाचावीत म्हणून. तिथं पाचट पुन्हा जमिनीवर अंथरू लागले ते पुढं चार-पाच दशकांनी, जेव्हा हिरवा ऊस तोडणारी यंत्रं आली आणि माणसाचे हात पाल्यातून निघाले.

आता एल साल्वादोरची गोष्ट. मध्य अमेरिकेतल्या या देशात उसाच्या फडातली जवान पोरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती, उन्हामुळं आणि पाणी न पिता राबल्यामुळं. २०१४-१५च्या हंगामात एल आंखेल या कारखान्याच्या फडांवर एक प्रयोग झाला. सावलीचे फिरते मांडव, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेली विश्रांती, आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचा नवा कोयता: हलका, लांब मुठीचा, पातं कोनात बसवलेलं, म्हणजे कमी वाकून बुडाला पोचता येतं. एका गटात माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. सगळं श्रेय कोयत्याचं नव्हे, सावलीचं आणि पाण्याचंही आहे. पण विश्रांती दिली तर काम घटतं, ही समजूत त्या प्रयोगानं खोटी ठरवली.

हे वाचून मला एवढा आनंद झाला की कोयत्याचं रेखाचित्र घेऊन मी थेट लोहाराकडं गेलो. आमचा लोहार हातकणंगल्याच्या रस्त्यालगत भट्टी लावतो. कोयत्यासाठी तो नवं लोखंड घेत नाही. ट्रकच्या तुटलेल्या कमानीचे पाटे गॅरेजवाल्याकडून किलोवर आणतो. हजारो खेपा ऊस वाहून थकलेला पाटा भट्टीत लाल होतो, ऐरणीवर पसरतो, तेलात विझतो आणि कोयता बनून परत फडात जातो. त्याच्याकडं टाकून दिलेलं असं काही नसतंच. मोडका कोयता खुरपं होतो, खुरपं झिजलं की चाकू. वस्तू संपेपर्यंत वापरण्याची ही रीत आमच्या लोहाराला कुठल्याही परिषदेत शिकावी लागलेली नाही.

त्यानं दोन कोयते करून दिले. मूठ हातभर लांब, पात्याची मान वाकवलेली. टोळीतल्या दोन जोड्यांना मी ते दिले आणि सांगितलं, चार दिवस वापरून बघा.

दुसऱ्याच दिवशी एक परत आला. ज्यांनी परत केला त्या दादांनी कारण हातानंच दाखवलं. ऊस बुडाशी मस्त तुटतो, त्यांना ते मान्य होतं. पण आमच्याकडं ऊस हिरवा तोडतात. तोडल्यावर तोच ऊस डाव्या हातात फिरवत कोयत्यानं पाला सोलायचा असतो, मग वाढं, म्हणजे शेंडा, उडवायचं असतं. लांब मुठीचा कोयता त्या जवळच्या कामात कोपराला अडतो, पोटाशी येतो. एका उसामागं तीन कामं आणि तिन्हींना कोयता एकच. एल साल्वादोरमध्ये ऊस आधी पेटवतात. तिथल्या कोयत्याला पाला सोलायचाच नाही.

ही गोष्ट माझ्या मनात फार खोल गेली. नुसत्या पाठीचा विचार करून घडवलेलं ते हत्यार जळक्या फडाच्या मापाचं निघालं. ते आम्ही तसंच उचललं असतं, तर पाठ वाचवण्याच्या नादात आणखी फड पेटवायला लागलो असतो. आणि नुसत्या जमिनीचा विचार करून पाचट जाळू नका, बुडापासून तोडा असे फलक लावले, तर त्याचा सगळा भार मावशींच्या कमरेवर जातो. या दोन्ही वाटांनी आपण पुष्कळ वर्षं चाललोय. शरीर आणि जमीन या दोन्हींना एकाच वेळी पुरणारा कोयता अजून घडायचाय, आणि तो घडवणं हे माझ्या मते या भागातलं फार मोठं आणि फार मोलाचं कारागिरीचं काम आहे.

दुसरा कोयता परत आला नाही. आठवड्यानं मी पाहायला गेलो. त्या जोडीनं काम वाटून घेतलं होतं. नवरा लांब कोयत्यानं पुढं पुढं ऊस बुडापासून पाडत जात होता. बायको मागून, जुन्या आखूड कोयत्यानं, पडलेला ऊस उचलून सोलत होती. ती आता बुडाशी वाकत नव्हती, पण जमिनीवरचा ऊस उचलायला वाकत होतीच. "रात्री पाठ कमी दुखते," नवरा म्हणाला. बायकोनं काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ऊस खाली न टाकता कशावर तरी टेकवून ठेवता आला तर बरं होईल." त्या एका वाक्यात एका नव्या अवजाराचं काम सांगून झालं होतं: ऊस कमरेइतक्या उंचीवर टेकवायची हलकी घोडी, सरीत सरकवता येईल अशी. मी इतके दिवस कोयत्याकडंच पाहत होतो. तिनं सगळ्या कामाकडं पाहिलं होतं.

आमच्या भागाला अशा विचाराची परंपरा आहे, म्हणून हे होणार नाही असं मला वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंड जमिनीत विष कालवतं असं म्हणून शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. पहिले सहा नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. पुढं १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघरी गेला. चांगली वस्तू केली म्हणजे ती हातात जातेच असं नाही. तिला वापरणाऱ्यांच्यात वर्षानुवर्षं राहावं लागतं, त्यांच्या तक्रारीवरून बदलावं लागतं.

जवळचंच आणखी एक उदाहरण. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाची जोडणी केली. उसाच्या बैलगाडीचा पुढचा भार बैलांच्या मानेवर येतो. जुवाच्या खाली त्यांनी एक फिरतं चाक बसवलं आणि तो भार चाकावर घेतला. खांदेसूज आणि आवाळू झालेल्या बैलाच्या मानेला हात लावून पाहिलेला माणूस या चाकाची किंमत जाणतो. ती पोरं या उसाच्या पट्ट्यातल्या कॉलेजात शिकत होती, रोज ओव्हरलोड गाड्या पाहत होती. त्यांनी बैलाला यंत्रानं हटवलं नाही, बैलाचं ओझं हलकं केलं. मोळी वाहणाऱ्या बाईच्या मानेसाठी असंच काही का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्याइतक्याच हुशार पोरांपुढं ठेवायला हवा.

यंत्राचं काय, असं कुणी विचारील. तोडणी यंत्रं येत आहेत, सरकार अनुदान देतंय. यंत्र बुडापासून तोडतं, पाचटाचे तुकडे करून रानात पसरतं, माणसाला वाकावं लागत नाही. जिथं जमतं तिथं ते यावंच. पण त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते, वाट लागते. आमच्याकडं भावाभावांत वाटण्या होऊन वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे झालेत. ओल्या रानात त्याच्या वजनानं जमीन दबते, ती मोकळी करायला पुन्हा खर्च. हा तालुका काही वर्षांत यंत्रावर जाईल असं मला दिसत नाही. आणि गेला, तरी बीड, पाथर्डी, जतकडून येणारी माणसं पोट कुठं भरणार, हा प्रश्न यंत्राच्या हिशेबात कुणी धरलेला नाही. तोवर, आणि ‘तोवर’ म्हणजे पुष्कळ हंगाम, फडात कोयताच आहे.

मग तो बदलत का नाही? मी कित्येक महिने यावर विचार केला आणि मला कारण पैशांच्या वाटेत सापडलं. कोयता विकत घेतो तोडकरी, स्वतःच्या खिशातून. ऊस बुडापासून तुटला तर वजन वाढतं शेतकऱ्याचं. साखर वाढते कारखान्याची. खोडवा सुधारतो शेतकऱ्याचा. पाचट शेतात राहिलं तर जमीन सुधारते आणि हवा साऱ्या गावाची स्वच्छ राहते. तोडकऱ्याला मजुरी टनावर. जानेवारी २०२४च्या करारात ती ३४ टक्क्यांनी वाढली हे चांगलंच झालं, पण बुडापासून तोडला म्हणून टनाला वेगळा दर नाही, पाचट न जाळू देता हिरवा ऊस सोलला म्हणून वेगळा पैसा नाही. नवा कोयता हाताला बसायला आठ-पंधरा दिवस जातात आणि तेवढे दिवस तोड घटते, तर तो तोटाही त्याचाच. ज्याला फायदा सर्वांत कमी, त्यानंच खर्च करायचा आणि जोखीमही त्यानंच घ्यायची, अशी ही मांडणी आहे. अशा मांडणीत जगातला उत्तम रचनाकार आणून बसवला तरी कोयता बदलणार नाही.

हंगामाआधी कारखाने टोळ्यांना लाखो रुपयांची उचल देतात. त्या कराराबरोबर जोडीमागं दोन चांगले कोयते, एक पाडायचा आणि एक सोलायचा, दिले तर त्याचा खर्च उचलीपुढं नगण्य आहे. बुडखा दोन बोटांच्या आत ठेवणाऱ्या टोळीला शेतकऱ्यानं आणि कारखान्यानं मिळून टनामागं थोडी वाढ दिली, तर छाटणीची मजुरी वाचून ती भरून निघते. दसऱ्याला बॉयलर पेटतो, पुढं गळीत सुरू होताना मोळीची पूजा करून ती गव्हाणीत टाकतात, फोटो निघतात. त्या पूजेच्या ताटात त्या हंगामाचा नवा कोयता ठेवून तो पहिल्या जोडीच्या हाती द्यावा, असं मला मनापासून वाटतं. ऊसदरावर आमच्या भागात मोठमोठ्या परिषदा होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. कोयत्याच्या मुठीवर मात्र बोलणं मी कुठं ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये टोळी गावाकडं निघाली. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं चढली. लांब कोयता त्या जोडीनं बरोबर नेला. ज्या मावशींनी मला पहिल्या दिवशी कोयता हाती दिला होता, त्यांना मी विचारलं की पुढच्या हंगामाला तुमच्यासाठी मूठ करून ठेवली तर वापराल का. त्या म्हणाल्या, "माझ्या मापाची केली तर वापरीन." मग मोळीला गुंडाळतात तसल्या वाढ्याचा एक लांब पट्टा त्यांनी तोडला, तो आपल्या मिटलेल्या मुठीभोवती गुंडाळून नखानं खूण केली, नंतर कोपरापासून जमिनीपर्यंत सोडून दुसरी खूण केली, आणि माझ्या हातात दिला.

पट्टा वाळून चुरा होईल म्हणून घरी आल्यावर त्या खुणा मी सुतळीवर गाठी मारून घेतल्या. ती सुतळी आता लोहाराच्या भट्टीजवळ, भात्याच्या खुंटीला टांगलेली आहे. गॅरेजवाल्यानं परवाच कमानीचे दोन पाटे दिलेत. दिवाळी झाली की टोळ्या उतरतील.